फुकटच्या सॉफ्टवेअरला पगार कशाला?

प्रश्न : ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या संस्थांनी देणग्यांतून प्रोग्रामरना पगार द्यावा का? सेवाभाव मरेल ना? – एक वाचक, खानापूर

उत्तर : द्यावाच! बेळगावात आमच्या छापखान्यात मराठी-कन्नड लग्नपत्रिका लिब्रेऑफिस या असल्याच फुकटच्या सॉफ्टवेअरवर जुळवतो. जोडाक्षर फुटलं की ते दुरुस्त करायला कुणीतरी बसावं लागतं. नवी सोय करायला हौशी माणसं मिळतात, जुने दोष निस्तरायला कोण येतं? २०१४ मध्ये वेबसाइटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमधला ‘हार्टब्लीड’ दोष उघड झाला, तेव्हा लाखो वेबसाइट ज्यावर विसंबून होत्या ते काम मोजकी माणसं ओढत होती. अपाची फाउंडेशन ही मोठी ओपन सोर्स संस्था कोड लिहायला पैसे देत नाही, खरं. पण तिथल्या अनेकांना त्यांच्या कंपन्या पगार देतात. खानापूरच्या होतकरू पोराला कोण देणार? जँगो या वेबसाइट बनवायच्या साधनाची संस्था देखभालीसाठी पगारी फेलो नेमते, तरी तिथे स्वयंसेवक आहेतच. फक्त कुठल्या कामाला किती दिले, ते जाहीर करावं.