वाचकांचे प्रश्न : चौक भिंतीवर काढण्यापूर्वी

प्रश्न : आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त फाटकालगतची भिंत वारली चित्रांनी सजवण्याचे ठरले आणि चित्रकला शिक्षकांनी त्यासाठी लग्नचौकाचा नमुना निवडला. वारली समाजातील एका माजी विद्यार्थिनीने त्याला हरकत घेतली आहे. आम्ही तर या कलेचा गौरवच करीत आहोत. मग हरकत कशासाठी?
— एक मुख्याध्यापिका, नाशिक जिल्हा

उत्तर : आपल्या विद्यार्थिनीची हरकत वारली चित्रांना नसून चौकाला असावी, असे आपल्या पत्रावरून वाटते, आणि तसे असेल तर ती रास्त आहे. वारल्यांच्या घरी लग्न निघाले की आतल्या भिंतीला शेणामातीने सारवून त्यावर गेरू देतात आणि तांदळाचे पीठ पाण्यात कालवून, टोक मऊ केलेल्या बांबूच्या काडीने सवाशिणी चौक, म्हणजे लग्नाचे चौकोनी चित्र, काढतात. त्याच्या मधोमध पालघट देवी असते. शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव असतो. लग्न लावणारी धवलेरी ही स्त्रीच असते आणि ती गाणी म्हणून देवांना बोलावते. चौकावाचून लग्न लागत नाही. म्हणजे आपण ज्याला नमुना म्हणता, ती त्या घरची देवता आहे, आणि ती आतल्या भिंतीवर, त्या एका लग्नापुरती येते. फाटकाबाहेर ऑइलपेंटने ती कायमची रंगवणे म्हणजे कोणाच्या देवघरातला टाक उचलून दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये मांडण्यासारखे आहे. मांडणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला, तरी घरच्यांना ते खुपणारच.

तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरचा नाच, भातलावणी, मासेमारी, झाडावरची माकडे अशी चित्रे मात्र वारली चित्रकार गेली पन्नास वर्षे स्वतःच कागदावर व कापडावर काढून विकत आले आहेत. १९७०च्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणू तालुक्यातील गंजाडला पोहोचले आणि जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या वारली चित्रकारांच्या हाती कागद आला. त्यानंतर हे विषय भिंतीवरून बाहेर पडले. (जी कला मुख्यतः सवाशिणींच्या हातची होती, तिच्यातून नाव झाले ते बहुतेक पुरुषांचे, हेही येथे नोंदवायला हवे.) मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यापूर्वी, २००३ मध्ये, जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात त्यांची चित्रे आणि ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांची कामे एकत्र मांडली गेली होती. लाँग वारली मुलखात येऊन गेले होते, पण त्यांनी मशे यांची त्रिकोणी माणसे उचलली नाहीत. ते आपल्या दगडमातीच्या रेषा आणि वर्तुळांपाशीच राहिले. आपल्या शिक्षकांना या प्रदर्शनाची माहिती जरूर द्यावी.

त्या विद्यार्थिनीला बोलावून घ्यावे आणि भिंतीवर काय चालेल हे तिला, तिच्या घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांना विचारावे. त्यांनी ‘नको’ म्हटले तर ते ऐकण्याची तयारी ठेवूनच विचारावे. नाहीतर विचारणे हा निव्वळ उपचार ठरेल.

प्रश्न : वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन असूनही चादरींवर आणि कपांवर ती सर्रास छापलेली दिसते, हे कसे? आमच्या मंडळाच्या दिनदर्शिकेसाठी एका वारली चित्रकाराकडून बारा चित्रे काढून घ्यायची आहेत. त्यात कोणती काळजी घ्यावी?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आदिवासी युवा सेवा संघाच्या प्रयत्नांतून हे मानांकन मिळाले, परंतु मानांकनाचा १९९९ चा कायदा मुख्यतः नावाचे रक्षण करतो. ‘वारली चित्र’ म्हणून भलताच माल खपवणाऱ्याला त्याने अडवता येते, पण नाव न घेता त्रिकोण जोडून माणसे छापणाऱ्याला त्याच कायद्याने रोखणे फार अवघड आहे. कॉपीराइटचा आधार एखाद्या चित्रकाराच्या विशिष्ट चित्राला मिळतो, पिढीजात शैलीला नाही.

दिनदर्शिकेच्या बाबतीत मात्र एक खाच आहे आणि ती चांगल्या मनाच्या मंडळींच्याही लक्षात येत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा हक्क, उलट करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. म्हणजे काहीही न लिहिता तुम्ही पैसे दिलेत, तर तीच चित्रे उद्या मंडळाच्या पिशव्यांवर छापताना चित्रकाराला विचारण्याचे बंधन तुमच्यावर राहणार नाही. तेव्हा साध्या मराठीत एक कागद करावा : हक्क चित्रकाराकडेच राहील, मंडळाला फक्त त्या एका वर्षाची दिनदर्शिका छापण्याची परवानगी असेल, आणि पुन्हा वापर करायचा झाल्यास वेगळा मोबदला ठरेल. कागद त्याला वाचून दाखवावा, एक प्रत त्याच्या हाती द्यावी, आणि दर महिन्याच्या पानावर, चित्राच्या लगतच, वाचता येईल अशा अक्षरात त्याचे नाव, गाव आणि पाडा छापावा.