खाणीवर पोचायचं ते तांबडं फुटायच्या आत

प्रश्न : काका, मी पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करून यंदाच एका सल्लागार कंपनीत लागले. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मला यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी भागातल्या एका उघड्या कोळसा खाणीवर, पर्यावरण मंजुरीतल्या अटी पाळल्या जातात का हे पाहायला पाठवताहेत. कोळसा मी आजवर एकलहऱ्याच्या वीजकेंद्राला जाणाऱ्या रेल्वे वाघिणींतच पाहिलाय. आमचे सर म्हणतात, "मागच्या सहामाहीचा अहवाल घे, तारखा बदल, चार फोटो काढ." ते मनाला पटत नाही. पण तिथे जाऊन बघायचं काय, हेही कळत नाही. थंडीत काही वेगळं असतं का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : काका म्हणालीस, तेव्हा अगं-तुगंच करतो.

सकाळी अकराला खाणीच्या ऑफिसात पोचायचं नाही, एवढं आधी ठरव. अकराला गेलीस की चहा, पोहे, पडद्यावरचे तक्ते आणि मग जीपमधून एक फेरी. माझी पहिली पाहणी अशीच झाली. रस्ता ओला, धुळीचा कण नाही. मी लिहून मोकळा : "वाहतूक मार्गावर नियमित पाणी मारले जाते." संध्याकाळी फाट्यावर चहा घेताना टपरीवाला हसून म्हणाला, "तुमी येनार म्हून आज रस्त्याले आंघोळ घातली जी." दुसऱ्या दिवशी पहाटे, कुणाला न सांगता, त्याच फाट्यावर जाऊन उभा राहिलो. समोरून येणारे ट्रक दिसतच नव्हते, नुसते पिवळे दिवे. ते पान फाडून पुन्हा लिहिलं.

थंडीत वेगळं असतं ते हेच. तू नाशिकची, तुला समजावणं सोपं आहे. निफाडकडे पारा उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात. त्यांचा धूर वर जात नाही, मांडवाच्या उंचीवर आडवा पसरून राहतो. जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण, म्हणून. खाणीवर शेकोटीच्या जागी डंपर, कोळशाचे ढीग आणि क्रशर असतात. ऊन तापलं की झाकण उघडतं आणि दुपारी सगळं कसं छान दिसतं.

म्हणून हवा मोजायचं यंत्र कुठे ठेवलंय ते नीट बघ. हिवाळ्यात तिकडे वारा मंद, बहुधा उत्तर-ईशान्येचा. म्हणजे धूळ जाणार दक्षिण-नैऋत्येला. यंत्र ईशान्येच्या गेस्ट हाऊसच्या गच्चीवर असेल, तर त्याचा फिल्टर पेपर पांढराच राहणार, त्यात नवल काय? नमुना पूर्ण २४ तासांचा घेतला का, तेही विचार. पहाट वगळून घेतलेल्या नमुन्याला हिवाळ्यात काडीची किंमत नाही.

कोळशाच्या ढिगाऱ्यांवर उजाडताना एक नजर टाक. कोळसा आतल्या आत तापतो आणि वेळेत लक्ष दिलं नाही तर आपोआप पेटतो. सगळा ढीग दवाने ओला आणि मध्येच एखादा पट्टा कोरडा, किंवा तिथून वाफ निघतेय, रॉकेलसारखा वास येतोय, तर तिथे आत धग आहे असं समज. दहा वाजता यातलं काहीच दिसत नाही.

नाला डिसेंबरातच बघावा. पावसाळ्यात सगळं पाणी गढूळ, कुणाचं काय कळत नाही. आता ओढ्याचं स्वतःचं पाणी आटत आलेलं असतं आणि खाणीतून उपसलेलं पाणी वेगळं ओळखू येतं. ते जिथे ओढ्याला मिळतं, त्याच्या वर आणि खाली असे दोन नमुने घे. तरंगत्या घन कणांची मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम. खाणीतून काढलेल्या मातीच्या ढिगाभोवती खणलेली चर या दिवसांत कोरडी असते. तिच्यात काठी खुपस. गाळ गुडघाभर निघाला, तर पावसाळ्यानंतर ती साफ केली हे वाक्य अहवालात कसं आलं, एवढंच विचार.

विहिरींचंही तसंच. बहुतेक मंजुरीपत्रांत पातळी वर्षातून चारदा मोजायची असते : मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारी. नोव्हेंबरचा आकडा वहीत असेलच. त्यातली एक विहीर तू निवड, त्यांना निवडू देऊ नकोस, आणि दोरीला दगड बांधून स्वतः मोज.

झाडांचे फोटो काढू नकोस, झाडं मोज. हेक्टरी २५०० झाडं ही अट तुला पुष्कळ मंजुरीपत्रांत भेटेल. दहा बाय दहा मीटरचा चौकोन आखलास तर त्यात २५ हवीत, आणि जिवंत हवीत. जुलैत लावलेलं रोप जगलं की नाही ते डिसेंबरात लपत नाही.

आता माझ्या लाडक्या साक्षीदाराकडे येतो. त्या दिवसांत वणी भागात कापसाची वेचणी चालू असते. खाणीच्या रस्त्याकडेच्या शेतात जा, शेतमालकाला विचारून एक फुटलेलं बोंड घे आणि रस्त्यापासून लांबच्या शेतातलं दुसरं घे. दोन्ही पांढऱ्या कागदावर शेजारी ठेव. वेचणाऱ्या बायांशी बोल. काळवंडलेल्या कापसाला बाजारात काय भाव सांगतात, हे त्या तुला न विचारता सांगतील. हा काही प्रयोगशाळेचा पुरावा नव्हे, पण यंत्र कुठे बसवायला हवं होतं ते त्या दोन बोंडांवरून मला अनेकदा कळलंय.

जिवाचंही बघ. धुक्यात डंपरचालकाला तू दिसत नाहीस, उजेडातही जवळचं माणूस त्याला दिसत नाही. खाणीच्या हद्दीत त्यांच्या माणसाशिवाय पाऊल टाकू नकोस. पहाटेचं माझं सगळं फिरणं गावाच्या रस्त्यावरून असे, आणि आत जायचं तर आदल्या दिवशी लेखी कळवून. ओढणी, मफलर नको, कोळसा वाहणाऱ्या फिरत्या पट्ट्यात अडकतात. हेल्मेटखाली बसेल अशी कानटोपी घे.

राहिले तुझे सर. त्यांच्याशी भांडू नकोस. मंजुरीपत्र आणि मागचा अहवाल, दोन्ही छापून ने. अहवालातल्या प्रत्येक वाक्यासमोर पेन्सिलीने लिही : पाहिलं, दिसलं नाही, किंवा उलटंच दिसलं. परत आलीस की ती प्रत त्यांच्या टेबलावर ठेव. आणि त्यांना आठवण करून दे, सहामाही अहवालाच्या तारखा १ जून आणि १ डिसेंबर. डिसेंबरची तर उलटून गेली. तुझी पाहणी जूनच्या अहवालात जाणार. चार फोटोंवर भागवण्याइतकी घाई कसली आहे?