यूकेत फार्माकॉलॉजी करायला येतोयस, तर आधी हे बघ

लातूरहून तू विचारलंस, "ताई, बी.फार्मनंतर यूकेत फार्माकॉलॉजीची 'इंडस्ट्रियल प्लेसमेंट'वाली एमएस्सी घेतली, तर कंपनीत जागा पक्की असते का?"

नसते, बाबा. फार्माकॉलॉजी म्हणजे औषधं शरीरावर कसं काम करतात त्याचा अभ्यास, आणि प्लेसमेंट म्हणजे त्या कोर्सचाच भाग म्हणून कंपनीत काम. मीही नांदेडहून त्याच समजुतीत आले होते. जागा आपणच शोधायची, मुलाखत आपणच द्यायची. नाही मिळाली तर बहुतेक ठिकाणी बिनप्लेसमेंटच्या कोर्सला टाकतात आणि व्हिसाची मुदतही त्याप्रमाणे कमी होते. हे मला इथे पोचल्यावर कळलं. मोठ्या कंपन्यांचे अर्ज जवळपास वर्षभर आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला सुटतात. मी जानेवारीत जागी झाले. शेवटी एका छोट्या सीआरओत (दुसऱ्या कंपन्यांसाठी कंत्राटावर संशोधन करणाऱ्या कंपनीत) जागा मिळाली.

तिथल्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "स्वतःच्या हाताने केलेला एखादा बिघडलेला प्रयोग सांगा." मी कॉलेजातलं सांगितलं. ऑर्गन बाथमध्ये (काढलेला अवयव जिवंत ठेवायच्या भांड्यात) कोंबडीच्या आतड्याचा तुकडा लावला होता, अ‍ॅसिटिलकोलीन या स्नायू आकुंचवणाऱ्या रसायनाचे डोस देत होते आणि मधेच लाईट गेली. हवेचा पंप बंद, टायरोड द्रावण (आतडं जिवंत ठेवणारं क्षारांचं पाणी) ३७ अंशांवरून उतरायला लागलं, आकुंचन दर डोसला कमी-कमी. तो आलेख मी फेकून दिला नव्हता, बाजूला कारण लिहून वहीत चिकटवला होता. त्यावर वीस मिनिटं बोलणं झालं. म्हणून तुझ्या प्रॅक्टिकलच्या वह्या रद्दीत देऊ नकोस. वाळूजला किंवा शेंद्र्याला औषध कंपनीच्या क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) काम केलं असशील, तर ते फार्माकॉलॉजी नव्हे, पण जीएमपीची (औषधनिर्मितीच्या नियमांची) शिस्त म्हणून सीव्हीत नक्की लिही.

ही एमएस्सी करून इथे फार्मासिस्ट होता येत नाही. त्यासाठी ओस्पॅप हा परदेशी फार्मासिस्टांसाठीचा वेगळा कोर्स, मग वर्षभराचं ट्रेनिंग आणि परीक्षा. फार्माकॉलॉजीवाल्यांना इन व्हिट्रो (शरीराबाहेर, पेशींवरचे प्रयोग), फार्माकोकायनेटिक्स (शरीरात औषधाचं काय होतं ते मोजणं), क्लिनिकल ट्रायल (माणसांवरच्या चाचण्या), रेग्युलेटरी (औषधाच्या मंजुरीचं काम) अशा वाटा आहेत. इन व्हिवोला (जिवंत प्राण्यांवरच्या प्रयोगांना) माणसं कमी मिळतात, पण प्राण्यांवर काम करायला १९८६च्या कायद्याखाली होम ऑफिसचं वैयक्तिक लायसन्स लागतं. आणि प्राण्यांवरचं काम मनाला झेपतं का, हे आधी स्वतःला विचार. फार्माकोव्हिजिलन्सच (औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवायचं काम) करायचं असेल तर इकडे येऊच नको. ते काम पुण्या-मुंबईत भरपूर आहे.

व्हिसाचं गणितही बदललंय. शिकून झाल्यावरचा ग्रॅज्युएट व्हिसा २ वर्षांचा होता; १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्यांना (पीएचडी सोडून) १८ महिनेच मिळणार. पुढे स्किल्ड वर्कर व्हिसाला साधारण ४१,७०० पौंड पगार लागतो, नव्याने सुरुवात करणाऱ्यांना ३३,४००. सुरुवातीच्या लॅबच्या नोकरीत तेवढाही सहज मिळत नाही. अनुसूचित जातीतला असशील तर राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या अटी आधी वाच.

वडिलांना वावर गहाण टाकायला लावण्याआधी विद्यापीठाला मेल कर: गेल्या वर्षी या कोर्सच्या किती परदेशी विद्यार्थ्यांना प्लेसमेंट मिळाली? आकडा सांगायला टाळाटाळ केली, तर दुसरं विद्यापीठ बघ.