पद्मिनीच्या सीट शिवताना

अरे, जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या सीटला नवं कव्हर शिवायचं तर लगेच कापड बघायला धावू नकोस. आधी जुनं कव्हर उसव, पण फाडू नकोस. शिवणीवरून ब्लेड फिरव, तुकड्यांवर खडूने नंबर टाक. तेच तुझे कटिंगचे नमुने. मी पहिल्यांदा ते कचऱ्यात टाकले आणि कारागिराने अंदाजाने शिवलं. सीटच्या पाठीला सुरकुत्या पडल्या त्या पडल्याच.

कव्हर निघालं की स्प्रिंग बघ. आपल्या पावसाळ्यात खालच्या तारा गंजतातच. घासून प्राइमर मार, मग वर जाड गोणपाट ताणून बांध. तो नसला की तार फोम कापते आणि वर्षभरात बूड टोचायला लागतं!

लेदरचा मोह नको, मुंबईच्या दमटपणात बुरशी धरते. कुर्ल्यात बनलेल्या या गाडीला रेक्झिनच शोभतं. मागे कापडी अस्तर असलेलंच घे. ताणल्यावर शिवणीत फाटत नाही.

बसवायच्या आधी कव्हर तासभर उन्हात ठेव, मऊ पडतं. पायपिंगची, म्हणजे शिवणीवरच्या गोल गोटाची, रेघ कडेवर बसव, मधून कडांकडे ताणत जा, कोपरे शेवटी. कव्हर सीटच्या तारांना अडकवणाऱ्या रिंगा पक्क्या दाबायच्या आधी एकदा बसून बघ. पुढची सीट आधी करू नकोस, मागच्या सीटवर सराव करून हात बसव.