८२व्या मिनिटाला उठून गेलेली माणसं

प्रश्न : मी मंगळवार पेठेत राहतो. आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाला यंदा नवा कोच आलाय. पोरं वाईट खेळत नाहीत, पण एक गोल बसला की आमचेच लोक आमच्याच पोरांना शिव्या घालतात आणि मॅच संपायच्या आधीच पायऱ्या रिकाम्या व्हायला लागतात. कोच रेषेवर उभा राहून दोन्ही हात वर करून लोकांना ‘ओरडा, ओरडा’ म्हणतो. कुणी ढुंकूनही बघत नाही. माझा धाकटा भाऊ म्हणतो, जो माणूस बॉलला पायसुद्धा लावत नाही, तो पब्लिकचं मन काय बदलणार? तुम्ही इतकी वर्षं इंग्लंडमधल्या लिव्हरपूल क्लबच्या मॅचेस बघताय. तुमचं काय मत?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र वाचलं आणि थेट शाहू स्टेडियमच्या पायरीवर जाऊन बसलो. दुपारची पायरी तापलेली असायची, म्हणून आम्ही पोरं चपला खाली घालून त्यांवर बसायचो. पुढं फिजिओथेरपिस्टची नोकरी लागली आणि २००८ पासून मी लिव्हरपूलला आहे. घर वॉल्टनमध्ये, मधे स्टॅन्ली पार्क आणि पलीकडे क्लबचं घर, अ‍ॅनफिल्डचं मैदान. तिकीट मिळेल तेव्हा जातो. धाकट्या भावाला सांगा, मॅनेजर, म्हणजे तुमच्या भाषेत कोच, पब्लिकचं मन बदलतो. मी ते बदलताना पाहिलंय आणि बिघडतानाही पाहिलंय.

बिघडलेलं आधी सांगतो. २०१०च्या उन्हाळ्यात रॉय हॉजसन लिव्हरपूलचे मॅनेजर झाले. त्यांच्यावर अन्याय नको, म्हणून हेही सांगायला हवं की क्लब तेव्हा कर्जात बुडाला होता, मालकांचं भांडण कोर्टात गेलं होतं आणि ऑक्टोबरमध्ये क्लब विकला गेला. लोक आधीच चिडलेले. त्यात सप्टेंबरमध्ये चौथ्या श्रेणीतला नॉर्दम्प्टन अ‍ॅनफिल्डवर येऊन पेनल्टीवर आम्हाला हरवून गेला. मग शेजारच्या एव्हर्टनकडून २-० अशी हार. त्या मॅचनंतर हॉजसन म्हणाले की दुसऱ्या हाफमधला खेळ हा हंगामातला आपला सगळ्यात चांगला खेळ होता. अहो, पैसे मोजून मॅच बघणाऱ्या माणसाला डोळे असतात! माझ्या मते लोकांचं मन त्या वाक्यानं तुटलं, हरल्यामुळं नाही. २९ डिसेंबरला लीगच्या तळाला असलेल्या वुल्व्ज संघाकडून घरच्या मैदानावर ०-१ हरलो, तेव्हा स्टँडमधून जुने मॅनेजर केनी डॅल्ग्लिश यांच्या नावाचा घोष सुरू झाला. हॉजसन नंतर बोलून गेले, मी आल्यापासून अ‍ॅनफिल्डचा तो प्रसिद्ध पाठिंबा मला मिळालेलाच नाही. पुढं त्यांनी माफी मागितली, पण शब्द सुटला तो सुटला. दहा दिवसांनी ते गेले.

डॅल्ग्लिश आले आणि पहिलीच मॅच हरले, तीही मँचेस्टर युनायटेडकडून. तरी माणसं गात होती. हा माणूस क्लबचा महान खेळाडू, मॅनेजर म्हणून लीगची तीन विजेतेपदं मिळवलेला. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे १९८९मध्ये हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीत क्लबच्या ९७ समर्थकांचा जीव गेला, तेव्हा तो एकामागून एक अंत्ययात्रांना जात राहिला. असा माणूस समोर उभा राहिला की त्याला हात वर करून ‘ओरडा’ म्हणावं लागत नाही.

आता तुमच्या कोचच्या उपयोगाची गोष्ट. युर्गन क्लॉप ऑक्टोबर २०१५मध्ये मॅनेजर म्हणून आले. ८ नोव्हेंबरला क्रिस्टल पॅलेसविरुद्धच्या मॅचला मी मैदानात होतो, कॉप स्टँडच्या, म्हणजे कट्टर समर्थक बसतात त्या स्टँडच्या, समोरच्या टोकाला. माझ्या शेजारी एक आजोबा होते, कोटाच्या खिशात चहाचा छोटा थर्मास घेऊन येणारे. ८२व्या मिनिटाला पॅलेसनं हेडरवर दुसरा गोल केला. आजोबांनी मफलर गळ्यातून काढला, नीट चौपदरी घडी घालून खिशात ठेवला, थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं आणि ‘बस चुकेल’ म्हणून उठले. रागानं नाही, सवयीनं. त्यांच्या मागं रांगच लागली. अ‍ॅनफिल्डला लागून रेल्वे स्टेशन नाही, गर्दीच्या आधी निघालं तरच लवकर घरी, हे प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेलं.

मॅचनंतर क्लॉप म्हणाले की लोकांना जाताना पाहून मला फार एकटं वाटलं. वाक्य हॉजसनच्या जवळचंच होतं की नाही? तीच तक्रार, तेच मैदान, पाच वर्षांचं अंतर. पण क्लॉप तिथं थांबले नाहीत. पुढं म्हणाले की ८२ ते ९४ मिनिटांत ठरवलं तर आठ गोलसुद्धा होऊ शकतात, पण त्यासाठी राबावं लागतं. आणि शेवटच्या शिट्टीच्या एक मिनिट आधीही कुणाला उठून जावंसं वाटू नये, ही जबाबदारी आमची आहे आणि ती आम्ही पार पाडली नाही. माझ्या लेखी सगळं इथं आहे. एकानं पब्लिककडं बोट दाखवलं, दुसऱ्यानं तेच दुखणं बोलून दाखवून बोट स्वतःकडं वळवलं.

महिन्याभरानं, १३ डिसेंबरला, वेस्ट ब्रॉमविचचा संघ आला. आम्ही १-२ मागं. आजोबा त्या दिवशीही होते. ९० मिनिटं झाली तरी ते बसून राहिले, थर्मास मांडीवर. भरपाईच्या वेळेत आमच्या ओरिगीचा फटका कुणाला तरी लागून आत गेला, २-२. मॅच संपल्यावर क्लॉपनी सगळ्या खेळाडूंना हातात हात धरून कॉपसमोर एका ओळीत उभं केलं. आमच्या बाजूनं फक्त त्यांच्या पाठी दिसत होत्या आणि समोर अख्खा कॉप उभा होता. टीव्हीवर आणि पेपरात खूप टिंगल झाली, बरोबरीची मिरवणूक काढली म्हणून. मला ती तेव्हाही टिंगल करण्यासारखी वाटली नाही. ती मिरवणूक निकालाची नव्हतीच. जे बसून राहिले त्यांना ‘तुम्ही होता म्हणून झालं’ असं सांगणं होतं ते.

पुढच्या एप्रिलमध्ये डॉर्टमुंडविरुद्ध १-३ मागं पडून ४-३ जिंकलो, शेवटचा गोल भरपाईच्या वेळेत. त्या रात्री कोण उठून गेलं असेल? २०१९च्या मे महिन्यात बार्सिलोना. तिकडं ०-३ हरून आलेलो, आमचे गोल करणारे सालाह आणि फर्मिनो दोघंही जखमी. क्लॉप आदल्या दिवशी म्हणाले, जमलं तर उत्तम, नाहीतर अपयशसुद्धा देखणं असू दे. मला तिकीट मिळालं नव्हतं, घरी टीव्हीसमोर होतो, खिडकी उघडी. टीव्हीचं चित्र काही सेकंद मागं असतं. पडद्यावर ७९व्या मिनिटाला अजून कॉर्नरची तयारी चालली होती आणि पार्कापलीकडून आवाज आला. नुसता आवाज नाही, खिडकीची काच थरथरली. पोरीनं विचारलं, ‘बाबा, काय झालं?’ मी म्हटलं, ‘गोल झाला. आता दिसेल.’ मग तो दिसला. ४-०, म्हणजे दोन्ही मॅच मिळून ४-३.

पण मॅनेजरच्या हातात सगळं नसतं, हेही कोचना सांगा. फेब्रुवारी २०१६मध्ये क्लबनं नव्या स्टँडमधलं सगळ्यात महाग तिकीट ७७ पौंडांचं करायचं ठरवलं. संडरलँडविरुद्ध ७७व्या मिनिटाला हजारो लोक ठरवून उठून बाहेर पडले. तेव्हा आम्ही २-० पुढं होतो; मॅच २-२ सुटली. क्लॉप त्या दिवशी अपेंडिक्सच्या ऑपरेशनमुळं मैदानात नव्हते, पण असते तरी लोक उठलेच असते, आणि उठले ते योग्यच केलं. काही दिवसांत मालकांनी दरवाढ मागं घेतली. खिशाचा प्रश्न मॅनेजरनं रेषेवर मुठी आवळून सुटत नाही.

आणि हो, पाहुण्या संघाचा मॅनेजरही आमच्या लोकांना पेटवतो. नोव्हेंबर २०२१, आर्सेनल. त्यांचे मॅनेजर आर्टेटा यांनी सरावात स्पीकर लावून गोंगाटाची तयारी करून घेतली होती. अर्धा तास मैदान तसं शांतच होतं. मग एका फाऊलवरून आर्टेटा आणि क्लॉप रेषेवर एकमेकांच्या अंगावर गेले आणि सगळं स्टेडियम जागं झालं. थोड्याच वेळात पहिला गोल, शेवटी ४-०.

क्लॉपनी लोकांना कधी झापलं नाही असंही नाही. डिसेंबर २०२३मध्ये वेस्ट हॅमला ५-१ हरवूनसुद्धा ते आपल्या मागच्या स्टँडवर नाराज होते. आर्सेनलच्या मॅचला यायचा उत्साह नसेल तर तिकीट दुसऱ्याला द्या, असं सरळ म्हणाले. लोकांनी ते घेतलं, कारण आठ वर्षांची पुंजी पाठीशी होती. तुमच्या कोचकडं ती अजून नाही. म्हणून त्यांना सांगा, हात वर करणं तूर्त बंद. पहिल्या पाच मिनिटांत पोरांना बॉलच्या मागं जीव तोडून पळू दे. तालमीतल्या म्हाताऱ्या माणसांनाही पळणारं पोरगं दिसतं, ते दिसलं की शिवी तोंडातच राहते. हरल्यावर पंचाचं नाव काढू नका. आणि मॅच संपल्यावर, विशेषतः हरलेली, पोरांना घेऊन शेवटपर्यंत बसलेल्या लोकांसमोर जा, भले ते तीसच असोत. पहिल्या दोन वेळा शिव्या मिळतील. खाऊन घ्या.

प्रश्न : माझा तेरा वर्षांचा मुलगा लिव्हरपूलचा कट्टर चाहता आहे. क्लॉप गेले तेव्हा दोन दिवस नीट जेवला नाही. त्यांच्यानंतर आलेले मॅनेजर स्लॉट इतके शांत आहेत, मग त्या मैदानातली मजा गेली का, असं तो सारखं विचारतो.
— एक आई, पुणे

उत्तर : ताई, त्याचं रडणं मला कळतं. इथं मोठी माणसंही रडली. पण त्याला १९ मे २०२४ची गोष्ट सांगा. वुल्व्जविरुद्ध २-० जिंकून क्लॉपची शेवटची मॅच संपली, मैदानाच्या मधोमध त्यांच्या हातात माईक होता, आणि स्वतःच्या निरोपाच्या दिवशी त्यांनी आर्न स्लॉटचं नाव गाऊन लोकांना ते गायला लावलं. नवा माणूस अजून शहरात पोचलाही नव्हता.

स्लॉट फारसे नाचत नाहीत, खरंय. पण २७ एप्रिल २०२५ला टॉटनहॅमला ५-१ हरवून लीग जिंकली तेव्हा मैदान गच्च होतं. २०२०चं विजेतेपद कोविडच्या साथीमुळं रिकाम्या खुर्च्यांसमोर गेलं, त्यामुळं १९९०नंतर पहिल्यांदाच लोकांना ते मैदानात बसून साजरं करता आलं. मी त्या दिवशी बाहेर रस्त्यावर होतो, लाल धुरात समोरचा माणूस दिसत नव्हता. आत स्लॉटनी माईक घेतला आणि गायलं काय, तर क्लॉपचं नाव.