फॅन फिरतोय एवढं बघून गप्प बसू नकोस

भावा, तुझी पोस्ट सकाळी चहा घेताना वाचली आणि चहा तसाच गार झाला बघ. खानापूरहून रोज बाइकनं बेळगावच्या उद्यमबागेत कामाला, हायवेला काही त्रास नाही, पण टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटला पाच मिनिटं अडकलास की पेट्रोल टाकीखालची फ्रेम मांडीला चटके देते, सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो नॉर्मल आहे, आणि आता तू विचारालायस की बेंड पाइपला (इंजिनमधनं सायलेन्सरकडं जातो तो) कापडी रॅप मारू का टाकीखाली उष्णता अडवणारी हीट शीट लावू. तीन वर्षांपूर्वी अगदी हेच मी विचारत फिरत होतो. (अरे-तुरे करालोय, राग मानू नकोस, पहिलीच गाडी म्हणतोस म्हणजे माझ्यापेक्षा लहानच असशील.)

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नव्हे. कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करतो, गाडीचं जेवढं कळतं ते स्वतःचे पैसे घालवून कळलंय. माझी गाडी चारशे सीसीच्या आसपासची, सिंगल सिलिंडर, लिक्विड कूल्ड, म्हणजे इंजिनमधनं कूलंट फिरतं आणि पुढच्या रेडिएटरच्या जाळीत गार होतं. तू मॉडेल लिहिलं नाहीस पण रेडिएटर फॅनचा आवाज येतो म्हणतोस म्हणजे तुझीही त्याच जातीची. ऑइल लेव्हल, कूलंट लेव्हल, चेन फार ताणलीय का, मागचा ब्रेक घासतोय का हे तू बघितलंच असशील, ते सांगत बसत नाही.

तर ऐक. गेल्याच्या गेल्या दिवाळीत, नव्हे त्याच्या पण आधीच्या, मी गाडीला फॉगलाइट बसवले. चोर्ला घाटात धुकं असतंय म्हणून कारण सांगितलं घरी, खरं म्हणजे हौस. एका ॲक्सेसरीवाल्याकडनं बसवले, नाव घेत नाही, पोरगा कष्टाळू होता आणि चूक त्याच्यापेक्षा माझी जास्त. त्याला रिलेसाठी (लाइट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) लाइन पाहिजे होती, ती त्यानं रेडिएटर फॅनच्या कनेक्टरजवळनं घेतली, तेवढ्यात कनेक्टरची क्लिप तुटली, मग त्यानं कनेक्टरच काढून टाकला आणि दोन्ही वायरी पिळून, वर काळी टेप गुंडाळून दिली. मी तिथंच स्टुलावर बसून मोबाइल बघत होतो. लाइट लागले, फॅन फिरला, पैसे दिले, निघालो.

आता गंमत बघ. त्यानंतर गेटला थांबलं की पाय पहिल्यापेक्षा कमी भाजायला लागले! मी मित्रांना सांगत सुटलो की थंडी पडली, गाडी एकदम गार चालालीय. फक्त मीटरवर टेंपरेचरच्या सहा काड्यांपैकी पूर्वी तीनवर थांबायची ती आता चार दाखवायची, कधी पाच. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत सकाळी हुडहुडी भरतेय, त्यात एवढं कोण बघतंय.

फेब्रुवारीत संकेश्वरकडनं येताना उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर पुढं, रस्ता अरुंद, समोरनं सारखी वाहनं, ओव्हरटेकला जागा नाही. पंधरा-वीसच्या स्पीडनं दुसऱ्या गिअरमध्ये मैलभर. त्या दिवशी पहिल्यांदा फ्रेम तापली. पायाला फुंकर मारल्यासारखी गरम हवा लागते ना, तसलं नव्हे, सरळ तव्याला मांडी टेकवल्यासारखं. आणि पुढं हायवेला लागून ऐंशीनं दहा-बारा किलोमीटर आलो तरी टाकीचा खालचा पत्रा गार होईना.

इथंच खरं तर माझ्या डोक्यात उजेड पडायला पाहिजे होता. रेडिएटरच्या मागं फॅन असतो तो पुढची हवा ओढून मागं फेकतो, मागं काय आहे तर इंजिन, फ्रेम आणि आपले पाय. म्हणजे गाडी थांबलेली असताना फॅन लागला आणि नडगीला, मांडीला गरम झोत आला तर तो रेडिएटर त्याचं काम करालाय. त्रास आहे, पण आजार नव्हे. त्या झोतानं फ्रेम पण तापते, पण गाडी पळायला लागली की चार-पाच मिनिटांत उतरते. फ्रेम तापून ती तापलेलीच राहिली, पळताना पण, तर उष्णता इंजिनमध्येच साठालीय आणि बोल्टाबोल्टांतनं फ्रेममध्ये उतरालीय. हे दोन वेगळे त्रास आहेत आणि लोक (मी धरून) दोन्हीवर एकच शीट चिकटवतात.

मग मी काय केलं? सगळं चुकीचं. आधी महागातलं फुल्ली सिंथेटिक ऑइल. मग बेंड पाइपला रॅप. मग टाकी काढून खाली चंदेरी शीट. शीटनं थोडा फरक पडला हे खरं, मांडीला चटका कमी बसायला लागला, म्हणजे माझ्याकडं जी एक सूचना देणारी गोष्ट होती तिच्यावरच मी पांघरूण घातलं. आणि रॅपचं तर नावच काढू नकोस. पुण्या-सोलापूरकडच्या कोरड्या हवेत चालत असेल, आपल्याकडं जून ते सप्टेंबर ते फडकं वाळतच नाही, आणि तू तर खानापूरचा. पावसाळा संपल्यावर सोडून बघितलं तर बेंड पाइप गंजून खरबरीत, हात फिरवला तर तपकिरी भुकटी. माझं वैयक्तिक मत आहे, कुणाला पटत नसेल तर सोडून द्या.

सर्व्हिस सेंटरला मी तीनदा गेलो. नाव लिहिणार नाही, मेसेज करून पण विचारू नका. पहिल्या खेपेला सुपरवायझर म्हणाला, "इस मॉडेल का ऐसाच है सर." दुसऱ्या खेपेला तेच कन्नडमधनं, "हंग इरतैत्री सर." तिसऱ्यांदा मी हट्ट केला म्हणून गाडी स्टँडवर चालू ठेवली, फॅन लागला, त्यानं बोट दाखवलं, बघा फॅन चालू आहे, आणि जॉबकार्डावर लिहिलं दोष आढळला नाही. चौदा मिनिटं झाली सगळी मिळून, मी घड्याळ बघत होतो. फॅनच्या वायरीला काळी टेप गुंडाळलेली समोर दिसत होती, ना त्यानं विचारलं ही काय, ना मी सांगितलं की दिवाळीत इथं काम केलंय. मी का सांगितलं नाही? वॉरंटी जाईल म्हणून घाबरून. ही माझी सगळ्यात महागातली चूक. डॉक्टरकडं जाऊन काल काय खाल्लं ते लपवण्यासारखं.

मे महिन्यात चोर्ला. जांबोटी सोडली, कणकुंबीच्या अलीकडं एक खासगी बस बंद पडलेली, गाड्यांची रांग, अर्धा तास मुंगीच्या पावलानं. सहाच्या सहा काड्या, मग लाल दिवा, मग ओव्हरफ्लोच्या नळीतनं कूलंट रस्त्यावर. थांबलो. इथं तरी शहाणपण करावं की नाही? थोडा वेळ थांबलो, बाटलीतलं साधं पाणी कूलंटच्या टाकीत ओतलं आणि तशीच चालवत बेळगावला आलो. रेडिएटर कॅप गरम असताना उघडली नाही एवढंच देवाची कृपा. ती कधीच उघडू नकोस हां, आतलं पाणी दाबाखाली असतं, कॅप ढिली झाली की तेच पाणी एकदम उकळून तोंडावर येतं. बऱ्याच गाड्यांना १.१ बारची कॅप असते, तेवढ्या दाबाला साधं पाणी १२० डिग्रीच्या आसपास उकळतं, कूलंट निम्मं-निम्मं मिसळलेलं असेल तर आणखी थोडं वर. दाब नसेल तर आपल्या बेळगावच्या उंचीला पाणी शंभरच्याही दोनेक डिग्री आधीच उकळतं. म्हणून कॅपचं रबर चिरलेलं असलं तरी गाडी उकळते, आणि ते कुणी बघत नाही. आणि बोअरचं पाणी तर रेडिएटरमध्ये कधीच नको, घरातल्या हिटरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो ना, तोच आत बसतो.

दुसऱ्या दिवशी इंजिनची ऑइल लेव्हल बघायच्या काचेत बघितलं तर आत दुधाळ चहा, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळलेलं. हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं, म्हणजे हेडखालचं सील) गेलेलं.

गाडी टेंपोत घालून शहापूरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं नेली. त्यांनी हेड उतरवायच्या आधी मला पहिला प्रश्न विचारला, "हे कधीपासनं? त्याच्या आधी गाडीला काय काय केलास?" तीन महिन्यांत एवढं कुणी विचारलं नव्हतं. मी फॉगलाइटचं सांगितलं. त्यांनी फॅनला बॅटरीवरनं थेट करंट न देता गाडीच्याच वायरीतनं करंट दिला, पेपरचा हातभर तुकडा फाडला आणि रेडिएटरच्या पुढं धरला. कागद रेडिएटरला चिकटायला पाहिजे. तो उडून पुढच्या चाकावर गेला.

वायरी उलट्या जोडलेल्या. डीसी मोटर आहे, प्लस-मायनस उलटं केलं की उलटी फिरते, बस्स. फॅन सहा महिने इंजिनची गरम हवा रेडिएटरमधनं पुढं फेकत होता. म्हणून पाय गार लागत होते! हायवेला समोरनं येणारा वारा जोरात, तिथं फॅनची गरजच नाही, म्हणून तिथं निभत होतं, आणि ट्रॅक्टरच्या मागं, घाटात, गेटला गाडी उकळत होती कारण वारा एकीकडनं आणि फॅन दुसरीकडनं, आणि मधे रेडिएटरला काहीच नाही. तीनदा सेंटरला गेलो, तिसऱ्यांदा त्यानं बघितलं, फॅन चालू आहे. चालू होताच की. कुठल्या दिशेनं ते बघितलं नाही.

हेडला बाक आलेला, ते मी आमच्याच शॉपच्या शेजारी फेसिंग करून, म्हणजे तासून सपाट करून घेतलं, उद्यमबागेत असल्याचा तेवढा एक फायदा. गॅस्केट, कूलंट, दोनदा ऑइल, मजुरी, टेंपो सगळं मिळून अठरा हजारांच्या वर गेलं. वायरी सुलट करायला मिस्त्रींनी काही घेतलं नाही, म्हणाले हे कसलं काम.

तर तू शीट-बीट काही घ्यायच्या आधी हे कर. गाडी स्टँडवर लाव, चालू ठेव, फॅन लागेपर्यंत थांब, पेपरचा तुकडा रेडिएटरच्या पुढं धर. बोटं लांब ठेव, पुढच्या चाकात आणि फॅनमध्ये काही जाऊ देऊ नकोस. चिकटला तर फॅन सरळ आहे. (काही थोड्या गाड्यांत फॅन पुढच्या बाजूला बसवलेला असतो, पण हवा तिथंही मागंच गेली पाहिजे.) मग रेडिएटरची जाळी बघ. खानापूर रोडची लाल माती पावसात उडून जाळीच्या पंखांत (पातळ पत्र्यांत) बसते आणि उन्हाळ्यात वाळून वीट होते. साध्या पाइपनं मागच्या बाजूनं पुढं पाणी मार, वॉशिंगवाल्याची प्रेशर गन नको, पंख वाकतात. नंबर प्लेट, हॉर्न, क्रॅश गार्डला लावलेली फायबरची पट्टी, यातलं काही रेडिएटरच्या तोंडासमोर आहे का तेही बघ.

कूलंट अलीकडं बदललं असेल तर आत हवा अडकली असण्याची शक्यता आहे, हवा काढायचा स्क्रू असतो, तो ज्याला माहीत आहे त्याच्याकडूनच करून घे.

हे सगळं ठीक निघालं, काड्या नेहमीच्या जागी आणि तरी गेटला मांडी भाजतेच, तर मग तो गरम झोताचाच त्रास, आणि तिथं शीट चालेल. पण वायरिंग आणि रबराच्या पाइपांना चिकटू देऊ नकोस, शीट आणि पत्र्यात थोडी फट राहिली तर जास्त उपयोग होतो. गेट पडलेलं असेल आणि रांग लांब असेल तर इंजिन बंद कर, नंतर चालू करताना काडी एखादी जास्त दिसेल, घाबरू नकोस, पंप थांबल्यावर आतली उष्णता वर येते, थोडं चालवलं की उतरते. नायलॉनची ट्रॅकपँट घालून गाडी चालवू नकोस, सायलेन्सरला लागली की कातडीला चिकटते. जाड जीन्स किंवा रायडिंग पँट घाल, घाम आला तर आला. आणि मागं बसणाऱ्याला डावीकडनंच उतरायला सांग, माझ्या भाचीची पोटरी अशीच भाजली, तेव्हा शेजारणीनं टूथपेस्ट आणली होती. ते काही लावू नका, वीस मिनिटं नळाखाली धरा.

एअर कूल्डवाले इथं येऊन विचारतीलच म्हणून, तुम्हाला रेडिएटर नाही, तुमचा फॅन म्हणजे वाराच, इंजिनवरच्या फिन्समधला (पट्ट्यांमधला) चिखल काढा, ऑइल मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं आणि जेएएसओ एमए किंवा एमए२ (बाइकच्या ऑइलचं मानक) लिहिलेलं टाका, कारचं नको, क्लच घसरतो आणि त्यानं आणखी तापते.

सेंटरवाल्याशी भांडायला जाणार असशील तर मीटरचा व्हिडिओ काढून ने, थांबल्यापासनं काड्या चढेपर्यंतचा, आणि तक्रार जॉबकार्डावर तुझ्या शब्दांत लिहून घे, त्यांच्या नव्हे. मी ते केलं नाही, म्हणून नंतर दाखवायला हातात काही नव्हतं.

आणि एक, पोस्टमधल्या फोटोत हँडलच्या खाली डावीकडं काहीतरी गोल दिसालंय. फॉगलाइट आहेत काय ते? कधी बसवलास आणि त्रास कधीपासनं, एवढं आधी लिही.