चीनमधली सुरुवातीची वर्तमानपत्रं: पत्रकारिता की पुढाऱ्यांचा प्रचार?

तुम्ही विचारलंय, चीनमधली आधुनिक पत्रकारिता राजकीय पुढाऱ्यांनी उभी केली हे खरं का, आणि खरं असेल तर तिला पत्रकारिता म्हणायचं की प्रचार. मी आशियाचा इतिहास शिकवते आणि हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

धंदा म्हणून चालणारी वर्तमानपत्रं आधीही होती. शांघायचं ‘शेनपाओ’ १८७२ साली अर्नेस्ट मेजर या इंग्रज व्यापाऱ्याने काढलं. पण १८९५ मध्ये जपानकडून हार झाली आणि सुशिक्षित चिनी माणूस हादरला. बोलायचं कुठे? देशात ना पक्ष होता, ना संसद. मग वर्तमानपत्रच पक्ष झालं. १८९६ मध्ये शांघायला ‘शीवू पाओ’ निघालं, त्याचा मुख्य लेखक लियांग चिचाव २३ वर्षांचा होता. दोन वर्षांनी सम्राटाच्या सुधारणा राजवाड्यातल्या उठावात चिरडल्या गेल्या, लियांग जपानला पळाला आणि योकोहामाहून पुन्हा पत्रं काढू लागला. जुन्या ग्रंथभाषेत बोलीतले आणि जपानीतून आलेले नवे शब्द मिसळून त्याने जी भाषा घडवली, तिच्यावर एक अख्खी पिढी वाढली. माझ्या मते हे त्याचं सर्वांत मोठं काम, राजकारणापेक्षाही मोठं.

सरकारचा हात पोचू नये म्हणून पत्रं एकतर परदेशात किंवा शांघायच्या परकीय वसाहतीत निघत. परक्यांची सत्ता नको म्हणणाऱ्यांना परक्यांचाच आडोसा घ्यावा लागे, आणि तोही पुरा पडत नसे. १९०३ मध्ये ‘सूपाओ’त सम्राटाची खिल्ली उडवल्याबद्दल चांग थाइयान या क्रांतिवादी लेखकाला तीन वर्षांची शिक्षा झाली. त्याचा तरुण साथीदार चौ रोंग तुरुंगातच वारला, ऐन विशीत.

यू योउरेन या पत्रकाराचं उदाहरण मी वर्गात फळ्यावर काढून दाखवते. १९०९ मध्ये त्याने शांघायला ‘मिनहू पाओ’ काढलं, म्हणजे लोकांची हाक. ते बंद पाडल्यावर काही महिन्यांत ‘मिनशू पाओ’ आलं, म्हणजे लोकांचा उसासा. ‘हाक’ या अक्षरातले दोन ठिपके काढले की ‘उसासा’ होतो. सांगतात की अधिकाऱ्यांनी डोळे काढण्याची धमकी दिली होती, म्हणून त्याने नावातलेच दोन डोळे काढले. तेही बंद पडलं, तेव्हा १९१० मध्ये त्याने ‘मिनली पाओ’ सुरू केलं. हाच माणूस पुढे प्रजासत्ताकात बडा पदाधिकारी झाला.

आता तुमचा दुसरा प्रश्न. प्रचार होताच. टोकियोचं ‘मिनपाओ’ हे राजसत्ता उलथवू पाहणाऱ्या सुन यत्सेन यांच्या क्रांतिकारी संघटनेचं मुखपत्र होतं, आणि लियांगच्या पत्राशी त्याचं दोन वर्षं कडाक्याचं भांडण चाललं: राजा ठेवून घटना आणायची की राजाच घालवायचा. बातमी मागे पडली, हे मान्य करायलाच हवं. पण त्या वादातूनच वाचकाला दोन्ही बाजू तोलायची सवय लागली.

शिवाय तीच माणसं बातमीदारीही करत. तुरुंगातून सुटलेला चांग आता ‘मिनपाओ’चा संपादक होता. १९०७ च्या एप्रिलमध्ये टोकियोतल्या भारतीयांनी शिवाजी महाराजांचा उत्सव केला, त्याला तो गेला. पाहुणे होते जपानचे माजी पंतप्रधान ओकुमा. त्यांनी भारतीयांना सल्ला दिला की दुसऱ्यांना दोष देऊ नका, आधी आपला समाज सुधारा. चांग थाइयानला हे भाषण मुळीच पटलं नाही. त्याने सभेचा वृत्तान्त ‘मिनपाओ’त छापला, ओकुमांचं म्हणणं मांडलं आणि आपला रागही लपवला नाही.